सेफ्टी रेझर

दाढी करण्याचे एक साधन. यात पातळ पोलादी पाते वरची टोपी व खालची पट्टी यांच्यामध्ये घट्ट धरलेले असते व त्याच्या धारेचा अगदी अरुंद भागच त्वचेला लागू शकतो. उघड्या वस्तऱ्याची सर्व धार मोकळी असते आणि ती त्वचेत किती रुतावी हे केवळ हातावर अवलंबून असते. सेफ्टी रेझरमध्ये धारेपुढील कडा किंवा दाते त्वचेला दाबून सपाट करतात व पाते खोल जाऊ देत नाहीत. नावातील सुरक्षितता एवढीच आहे. पाते त्वचेशी कोणत्या कोनात धरावे, किती दाब द्यावा आणि केस आधी पुरेसे मऊ झाले आहेत की नाहीत, या तीन गोष्टी हे साधन ठरवीत नाही; त्या वापरणाऱ्याकडेच राहतात. म्हणून हे साधन वापरण्याचे तंत्र शिकावे लागते. अनेक पात्यांच्या, मान हलणाऱ्या कार्ट्रिज रेझरची सवय झालेल्यालाही ते नव्याने शिकणे भाग पडते. प्रस्तुत नोंदीत दोन्ही कडांना धार असलेले व बदलता येणारे पाते वापरणाऱ्या रेझरचा विचार नवशिक्याच्या दृष्टीने केला आहे.

इतिहास : स्वतःची दाढी स्वतः करणे ही शिकण्याची कला आहे, हा विचार झां-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने अठराव्या शतकात मांडला. सुऱ्या, वस्तरे घडविणे हा त्याचा व्यवसाय होता. १७६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने स्वतः दाढी करण्याची रीत सांगितली आणि सुताराच्या रंध्यावरून सुचलेल्या, लाकडी संरक्षक पट्टी असलेल्या वस्तऱ्याचे वर्णनही केले. रंध्यातून पाते जसे ठरावीक मापानेच बाहेर डोकावते तसेच ते वस्तऱ्यातूनही डोकावावे, ही त्यामागील कल्पना होती. १८४७ मध्ये विल्यम सॅम्युएल हेन्सन या इंग्रज संशोधकाने मुठीला काटकोनात पाते असलेल्या, कुदळीच्या आकाराच्या वस्तऱ्याचे एकस्व घेतले. वाफेच्या एंजिनावर चालणाऱ्या विमानाचा आराखडा करणारा हेन्सन तो हाच. त्याचे विमान उडाले नाही. पण वस्तऱ्याचा त्याने दिलेला आकार टिकला. अमेरिकेत १८८० साली काम्फे बंधूंनी संरक्षक पट्टी असलेल्या वस्तऱ्याचे एकस्व मिळविले. या वस्तऱ्यातील पाते मात्र जाड व घडीव असे. ते काढून वारंवार चामड्याच्या पट्ट्यावर घासावे लागे आणि अधूनमधून त्याला धार लावून घ्यावी लागे.

ही धार लावण्याची कटकटच किंग कॅम्प जिलेट याने नाहीशी केली. तो बाटल्यांची बुचे तयार करणाऱ्या एका कंपनीचा फिरता विक्रेता होता. एकदा वापरून टाकून द्यावी व पुन्हा विकत घ्यावी लागेल अशी एखादी वस्तू शोधून काढ, असा सल्ला त्याला बुचांचा जनक विल्यम पेंटर याने दिला होता. १८९५ साली त्याला पातळ, स्वस्त व टाकाऊ पात्याची कल्पना सुचली. इतक्या पातळ पत्र्याला कडकपणा आणून तीक्ष्ण धार लावणे अशक्य आहे, असे जाणकारांचे मत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते शक्य करून दाखविले. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर व १६८ पाती खपली; पुढच्याच वर्षी सु. ९० हजार रेझर खपले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांना सु. ३५ लाख रेझर पुरविले आणि रोज स्वतः दाढी करण्याची सवय घेऊनच हे सैनिक घरी परतले. या धंद्याचा खरा आधार रेझर नसून पाते होय, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढील काळातील अनेक उद्योगांनी हाच मार्ग चोखाळला.

आरंभीची पाती कार्बनी पोलादाची असत व लवकर गंजत. १९६०–७० या दशकाच्या आरंभी विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने अगंज पोलादाची पाती बाजारात आणल्यावर पात्यांचे आयुष्य वाढले. १९७१ मध्ये दोन पात्यांचे कार्ट्रिज आणि १९७५ मध्ये संपूर्ण रेझरच टाकून देण्याचा प्रकार रूढ झाला. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत दुधारी पात्याचा रेझर मागे पडला. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मात्र त्याच्याकडे पुन्हा लक्ष वळले आहे. कार्ट्रिजची किंमत व प्लॅस्टिकचा कचरा ही त्याची दोन कारणे. अनेक पात्यांनी होणारा त्वचेचा त्रास हे तिसरे व कदाचित अधिक महत्त्वाचे कारण होय.

महाराष्ट्रात बलुतेदारीच्या पद्धतीत गावचा न्हावी धोकटी घेऊन दारोदार जाई, अंगणात किंवा ओसरीवर दाढी करी आणि सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मोबदला घेई. सेफ्टी रेझरने हे काम आरशासमोर नेले. परंतु त्याबरोबर न्हाव्याच्या हातातील कसब आपोआप घरी आले नाही. पुढे वडिलांनी किंवा थोरल्या भावाने मुलाला दाखवावे, अशी शिकवणी घरोघर चाले. कार्ट्रिजच्या काळात ती खंडित झाली. दुधारी पाते भारतीय बाजारातून कधीच नाहीसे झाले नाही. ‘पनामा’, ‘टोपाझ’, ‘सेव्हन ओ’क्लॉक’ ही नावे अनेकांच्या परिचयाची आहेत. ठाणे येथेही ‘सुपर-मॅक्स’ या नावाच्या पात्यांचे उत्पादन दीर्घकाळ होत होते. केशकर्तनालयांतही दुधारी पाते मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग वस्तऱ्यासारख्या धारकात बसवितात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते घेतात. तुटलेल्या अर्ध्या पात्याने जुन्या वस्तऱ्याची जागा घेतली, ती मुख्यतः रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीमुळे.

रचना : नेहमीच्या रेझरचे मूठ, पट्टी व टोपी असे तीन सुटे भाग असतात. टोपीचा मधला आटा पात्याच्या व पट्टीच्या छिद्रांतून खाली येतो व मुठीत फिरवून घट्ट होतो. काही रेझरांत मुठीचे टोक फिरविले असता डोक्यावरची दोन झाकणे पंखांसारखी उघडतात. टोपीचा खालचा भाग बाकदार असतो. स्क्रू आवळताना पाते त्या बाकाप्रमाणे वाकते आणि ताणले गेल्याने ताठ राहते. ०·१ मिमी. जाडीचे पाते केसाला भिडताना थरथरत नाही, ते या बाकामुळेच. पाते तिरपे बसले तर एका बाजूची धार अधिक बाहेर येते. म्हणून प्रत्येक वेळी ते बसविल्यावर दोन्ही बाजूंना सारखे बाहेर आले आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. पाते धारेला स्पर्श न करता आखूड कडांनी धरावे. नवशिक्याने अखंड कडेची पट्टी व बेताचे अंतर असलेला, म्हणजे सौम्य रेझर घ्यावा. दातेरी पट्टीचे रेझर वाढलेल्या दाढीला सोयीचे असले, तरी चुकीला ते कमी क्षमा करतात.

पात्याचे पोलाद सु. १३ टक्के क्रोमियम असलेले व कठीण केलेले असते. धारेवर क्रोमियम, प्लॅटिनम यांसारख्या धातूंचा आणि टेफ्लॉनचा अतिशय पातळ लेप असतो. केसापेक्षा पोलाद सु. ५० पट कठीण असूनही काही दिवसांतच पाते बोथट का होते, याचा उलगडा मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. धार केवळ झिजून गोल होते असे नाही. पाते केसाला तिरपे भिडले व केस वाकला, की पोलादाच्या सूक्ष्म रचनेत जेथे एकसारखेपणा नसतो तेथून धारेचे बारीक टवके उडतात. पाते कोणत्या कोनात व कशा स्थितीतील केसाला भिडते, यावर केवळ त्वचेचे नव्हे तर पात्याचेही आयुष्य अवलंबून असते, असा याचा अर्थ होतो.

केस व पाणी : दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतका चिवट असतो, असे म्हणतात. पाणी शोषल्यावर तो फुगतो, मऊ होतो व कापण्यास लागणारे बळ पुष्कळ घटते. यासाठी वेळ मात्र द्यावा लागतो. दोन ते तीन मिनिटे कोमट पाण्याचा सतत संपर्क असल्याखेरीज केस पुरेसा भिजत नाही. केसांवरील तेलकट थर पाण्याला अडवितो. म्हणून प्रथम चेहरा साबणाने धुवावा. स्नानानंतर लगेच दाढी करणे सर्वांत सोयीचे. ते शक्य नसेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल चेहऱ्यावर ठेवावा. पाणी कढत नसावे; त्याने त्वचा सुजते व नंतर अधिक चुरचुरते. नवशिके बहुधा महागड्या रेझरची व साबणाची चर्चा करतात आणि ही तीन मिनिटे वाचवितात. जखमांचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

साबणाच्या फेसाची कामे दोन : केसांतील पाणी उडू न देणे व पाते सहज सरकू देणे. दाढीच्या साबणात स्टिअरिक अम्लाचे पोटॅशियम व सोडियम यांचे क्षार आणि ग्लिसरीन असते. त्यामुळे त्याचा फेस अंगाच्या साबणाच्या फेसाहून दाट व टिकाऊ असतो. ब्रश पाण्यात भिजवावा, थोडा झटकावा, साबणावर अर्धा ते एक मिनिट गोल फिरवावा व नंतर वाटीत किंवा थेट चेहऱ्यावर थेंबथेंब पाणी घालीत फेस करावा. मोठे बुडबुडे दिसत असतील तर साबण कमी पडला आहे आणि फेस लगेच सुकत असेल तर पाणी कमी पडले आहे. चांगला फेस दह्याच्या निवळीसारखा पातळ नसतो व लोण्यासारखा घट्टही नसतो. फेटलेल्या सायीसारखा चकचकीत व ओला असतो. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या जड पाण्यात फेस नीट होत नाही, कारण त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चोथा तयार करतात. जडपणा अस्थायी असेल तर पाणी उकळून, निवळून व कोमट करून घेतल्याने काम भागते.

ब्रश प्राण्यांच्या केसांचे किंवा कृत्रिम तंतूंचे असतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांपासून बनविलेल्या ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना व नागरिकांना काळपुळी (अँथ्रॅक्स) झाल्याची उदाहरणे नोंदली गेली. आता हा धोका उरलेला नाही. तरीही ब्रश धुऊन, झटकून, हवेशीर जागी सुकविण्याची शिस्त पाळावी.

तंत्र : दाढीचे केस सर्वत्र एकाच दिशेने वाढत नाहीत. गालावर ते साधारणतः खाली झुकलेले असतात. गळ्यावर ते आडवे, वर किंवा भोवऱ्यासारखेही वाढतात. दाढी करण्यापूर्वी, एक-दोन दिवसांच्या वाढीवर बोटे फिरवून हा नकाशा समजून घ्यावा. ज्या दिशेने बोट गुळगुळीत सरकते ती वाढीची दिशा व ज्या दिशेने खरखरीत लागते ती उलट दिशा. प्रत्येकाचा नकाशा वेगळा असल्याने दुसऱ्याचे हात पाहून गळ्याची दाढी शिकता येत नाही.

कोन साधण्याची रीत अशी : रेझरची टोपी गालावर सपाट टेकवावी. या वेळी मूठ त्वचेला जवळजवळ काटकोनात असते व पाते त्वचेला लागत नाही. मग मूठ हळूहळू खाली आणावी. धार केसांना भिडू लागली, की थांबावे. या स्थितीत पाते त्वचेशी साधारण ३० अंशांचा कोन करते. हा कोन मनगट न वळविता, कोपरापासून हात हलवून राखावा लागतो; हनुवटीच्या वळणावर तो सुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. केस कापले जाताना एक बारीक करकर ऐकू येते. ती थांबली तर एक तर कोन सुटला आहे किंवा तेथे केस उरलेले नाहीत. हा आवाज नवशिक्याचा उत्तम शिक्षक होय. म्हणून शिकण्याच्या दिवसांत नळ वाहता ठेवू नये व रेडिओही बंद असलेला बरा.

दाब देऊ नये, हे वाक्य सर्वत्र आढळते; परंतु ते अमलात आणणे कठीण असते, कारण कार्ट्रिजची मान हलती असल्याने ते दाबून चालविण्याची हाताला सवय झालेली असते. मूठ शेवटच्या टोकाजवळ अंगठा व दोन बोटांनी सैल धरली तर दाब देताच येत नाही. रेझरचे वजन बहुधा ७० ते १०० ग्रॅ. असते, केस कापण्यास तेवढे पुरते. हात दोन ते तीन सेंमी.पेक्षा लांब मारू नये. दुसऱ्या हाताने त्वचा थोडी ताणून सपाट करावी. पाते धारेच्या दिशेने कधीही आडवे सरकवू नये. खोल काप जवळजवळ नेहमी अशा सरकण्यामुळेच होतो, मग संरक्षक कडा कितीही चांगली असो. पहिल्या आठवड्यात केवळ दोन्ही गाल सेफ्टी रेझरने करून उरलेला भाग सवयीच्या साधनाने केला, तरी त्यात कमीपणा मानू नये. ओठांवरचे व हनुवटीचे केस सर्वांत जाड असल्याने ते अखेरीस घ्यावेत. तोवर फेसाखाली ते अधिक भिजतात. मुरूम, तीळ व चामखीळ यांना वळसा घालावा.

एकदा वाढीच्या दिशेने रेझर फिरवून झाल्यावर चेहरा पुन्हा ओला करावा व नवा फेस लावूनच दुसऱ्यांदा, आडव्या दिशेने फिरवावा. फेस नसलेल्या जागी ‘एवढा एकच हात’ मारण्याचा मोह टाळावा. उलट दिशेने फिरविणे हे तिसरे पाऊल आहे. पहिले महिना-दोन महिने ते घेऊच नये आणि अनेकांना ते कधीच मानवत नाही. याचा हिशोब सोपा आहे. दाढीचा केस दिवसाला साधारण ०·३ ते ०·४ मिमी. वाढतो. उलट हाताने केस आणखी ०·१ मिमी. आखूड झाला, तरी तो लाभ सहा ते आठ तासांच्या वाढीएवढाच असतो. सकाळी काचेसारखा गुळगुळीत झालेला गाल संध्याकाळी शेजाऱ्याच्या गालासारखाच लागतो. त्याची किंमत मात्र त्वचा पुढे दोन दिवस देत राहते.

दाढी झाल्यावर चेहरा थंड पाण्याने धुवावा व ओली तुरटी फिरवावी. तुरटी त्वचेवरील प्रथिने साकळवून बारीक रक्तस्राव थांबविते. ज्या जागी ती झोंबते तेथे कोन किंवा दाब चुकलेला असतो. रोज कोठे झोंबले हे लक्षात ठेवले, तर पुढच्या वेळी हात कोठे जपावा हे कळते. काही मिनिटांनी तुरटी धुऊन टाकावी व साधे, वास नसलेले मलम लावावे.

त्वचेचे विकार : दाढीनंतर येणारी लाली व आग बहुधा एक-दोन दिवसांत शमते. याहून चिवट त्रास म्हणजे केस त्वचेत शिरणे. अतिशय आखूड व टोकदार कापलेला कुरळा केस एक तर त्वचेच्या आतच अडकतो किंवा बाहेर येऊन वळतो व पुन्हा त्वचेत घुसतो. तेथे पुळी येते, खाज सुटते, काळा डाग राहतो. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत हा विकार विशेष आढळतो. भारतीयांतही, मुख्यतः गळ्यावर, तो दिसतो. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस ओढते व मागचे त्वचेच्या पातळीखाली कापते, त्यामुळे हा विकार बळावतो. एकच पाते वाढीच्या दिशेने चालविल्यास पुष्कळांना आराम पडतो. अशा पुळ्या असताना जवळून दाढी करणे बंद ठेवावे. पू झाल्यास किंवा चट्टे पसरत असल्यास त्वचारोगतज्ञाचा सल्ला घ्यावा. मधुमेही आणि रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे यांनी सेफ्टी रेझर वापरण्यापूर्वी वैद्याला विचारणे हिताचे.

रेझर, पाते व तुरटीचा खडा या वैयक्तिक वस्तू आहेत. वसतिगृहांत, प्रवासात, लग्नघरी त्या हातोहात फिरतात, ही सवय धोक्याची आहे. ब प्रकारच्या यकृतशोथाचा विषाणू शरीराबाहेर सात दिवसांपर्यंत संसर्गक्षम राहू शकतो व त्यासाठी डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही पुरतो. क प्रकारचा यकृतशोथ व एचआयव्ही यांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते.

निगा व विल्हेवाट : दाढीनंतर रेझर सैल करून धुवावा, झटकावा व कोरड्या जागी ठेवावा. पाते फडक्याने पुसू नये. त्याने धार बिघडते व बोटही कापते. एक पाते चार ते सहा दाढ्यांना पुरते. केस ओढले जाऊ लागले, की ते बदलावे. बोथट पात्याला जो अधिक दाब द्यावा लागतो तोच काप करतो.

वापरलेल्या पात्याचे काय करावे, हा प्रश्न साधनाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटात एक अरुंद फट असे व तीतून टाकलेली पाती भिंतीच्या पोकळीत साठत. आज अशी घरे पाडताना त्यांचे ढीग हाती लागतात. आपल्याकडे पाते कागदात गुंडाळून केराच्या टोपलीत टाकण्याची रीत आहे. कागद भिजतो, पाते सुटते आणि ते कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाच्या बोटात शिरते. त्यावर कोणाचे रक्त आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. पत्र्याच्या रिकाम्या डब्याचे झाकण पक्के बसवून त्याला पाते जाईल एवढीच चीर पाडावी आणि वर्षानुवर्षे त्यातच पाती टाकावीत. शंभर पात्यांची थप्पी जेमतेम एक सेंमी. भरते, त्यामुळे लहानसा डबाही दीर्घकाळ पुरतो. भरल्यावर चीर चिकटपट्टीने बंद करावी, वर ‘धारदार वस्तू’ असे ठळक लिहावे आणि तो डबा इतर कचऱ्यात न मिसळता कचरा नेणाऱ्याच्या हाती, सांगून द्यावा.